स्क्रीन उलटी फिरते, पण पैसे वसूल होतात का? घाटघरच्या ओसरीत मांडलेला 'टू-इन-वन' लॅपटॉपचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यात जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा गोळा होतो, अंगणात वाळतो आणि व्यापाऱ्याकडे जातो. जूनमध्ये हातात थोडे पैसे असतात आणि नेमका त्याच वेळी घरातल्या मुलाचा किंवा मुलीचा निकाल लागलेला असतो. आयटीआय, डिप्लोमा, बीएस्सी, इंजिनीअरिंग, काहीही असो; ॲडमिशनच्या पाठोपाठ पुढचा प्रश्न ठरलेला: लॅपटॉप घ्यायचा की टॅब? दुकानात गेलं की तिसरंच उत्तर समोर येतं. 'दोन्ही एकातच घ्या. स्क्रीन मागे फिरवली की टॅब, पुढे आणली की लॅपटॉप.'

ऐकायला सोपं आहे. पण हे यंत्र पुण्यातल्या एसी ऑफिसात वापरणं वेगळं आणि घाटघरला वापरणं वेगळं. घाटघर जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी, नाणेघाटाच्या माथ्यावर आहे. जुन्नर शहर तीसेक किलोमीटरवर. पावसाळ्यात इथे ढग घरात शिरतात, वीज जाते, डोंगराआड गेलं की मोबाइलची रेंज पडते. आणि इथल्या घरात पन्नास-साठ हजार रुपये ही मोठी रक्कम असते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने हिरड्याच्या झाडांचं नुकसान केलं, तेव्हा त्या भरपाईची मागणी या भागातल्या शेतकऱ्यांना पुढे कित्येक वर्षं लावून धरावी लागली. अशा पैशातून घेतलेली वस्तू दोन वर्षांत कोपऱ्यात पडली, तर ती चूक परवडणारी नाही.

त्यामुळे टू-इन-वनचे फायदे-तोटे जाहिरातीपेक्षा जरा जवळून पाहू.

टू-इन-वन म्हणजे नेमकं काय?

या नावाखाली दोन वेगळ्या जातीची यंत्रं विकली जातात आणि घोळ इथूनच सुरू होतो.

पहिली जात 'कन्व्हर्टिबल'. हा दिसायला नेहमीचाच लॅपटॉप, फक्त बिजागरी ३६० अंशांत फिरते. स्क्रीन पूर्ण मागे नेली की कीबोर्ड खालच्या बाजूला जातो, आपोआप बंद होतो आणि वर टच स्क्रीन उरते. लेनोव्होची 'योगा' मालिका, एचपीची 'एक्स३६०' मॉडेल्स ही याची उदाहरणं. यात प्रोसेसर, बॅटरी आणि बाकीचा संसार कीबोर्डाच्या खाली असतो.

दुसरी जात 'डिटॅचेबल'. हा मुळात टॅब असतो आणि कीबोर्ड चुंबकाने चिकटतो किंवा निघतो. मायक्रोसॉफ्टचा 'सरफेस प्रो', कीबोर्ड लावलेला आयपॅड, कीबोर्डवाले अँड्रॉइड टॅब या गटात येतात. यात सगळं काही स्क्रीनच्या मागे असतं, कीबोर्ड म्हणजे जवळपास जाड कव्हरच.

दुकानदार दोन्हींना एकच नाव देतो. पण पहिल्याचं वजन १४ इंची आकारात साधारण दीड किलोच्या आसपास जातं, तर दुसऱ्यातला सुटा टॅब अर्ध्या किलोपासून पाऊण-एक किलोपर्यंत असतो. दीड किलोचा 'टॅब' एका हातात धरून वाचून बघा. दहा मिनिटांत मनगट उत्तर देतं.

सह्याद्रीच्या पलीकडे हा प्रयोग आधीच झाला आहे

स्क्रीन फिरवून टॅब होणारा लॅपटॉप ही कल्पना महाराष्ट्राच्या खेड्याला नवीन नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाडा इथल्या छोट्याशा प्राथमिक शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक प्रकल्पाची 'एक्सओ' नावाची यंत्रं आली होती. हिरवा-पांढरा, खेळण्यासारखा दिसणारा हा लॅपटॉप होता. त्याची स्क्रीन मधल्या खुंटीवर गोल फिरायची आणि उलटी होऊन कीबोर्डावर बसायची, की झालं ई-पुस्तक.

आज मागे वळून पाहिलं तर त्या यंत्रातल्या काही गोष्टी आजच्या साठ हजारांच्या यंत्रातही सापडत नाहीत. साडेसात इंची स्क्रीन भर उन्हात वाचता यायची, कारण बॅकलाइट बंद केल्यावर ती सूर्यप्रकाश परावर्तित करून कृष्णधवल मजकूर दाखवायची. कीबोर्ड एकसंध रबराचा होता, धूळ किंवा पाणी फटीतून आत जायला जागाच नव्हती. वीज अगदी कमी लागायची. म्हणजे इंजिनीअरांनी गाव डोळ्यांसमोर ठेवून काम केलं होतं.

पण प्रोसेसर होता ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी आणि साठवणूक १ जीबी. नेहमीचं विंडोज सॉफ्टवेअर त्यावर नव्हतं. प्रकल्पाचे प्रणेते निकोलस निग्रोपाँटे यांनी सांगितलेली १०० डॉलरची किंमत प्रत्यक्षात दोनशे डॉलरच्या घरात गेली. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तर २००६ मध्येच या कल्पनेला नकार दिला होता. खैराटचा प्रयोग गाजला, पण देशात ती योजना मोठी झाली नाही.

त्यानंतर २०११ मध्ये 'आकाश' टॅब आला. पुढे त्याचं काम आयआयटी मुंबईकडे आलं, प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने त्यावर शैक्षणिक ॲप्स तयार झाली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' सादर झाला. सात इंची स्क्रीन आणि स्वस्त किंमत. व्हिडिओ बघायला ठीक, पण निबंध, प्रोजेक्ट रिपोर्ट, प्रोग्रॅम लिहायचा तर कीबोर्ड कुठे होता?

बाजारात मात्र याच वर्षी दोन्ही जाती एकत्र उतरल्या. विंडोज ८ सोबत ऑक्टोबर २०१२ मध्ये लेनोव्होचा योगा आणि मायक्रोसॉफ्टचा 'सरफेस आरटी' विक्रीला आले. योगाची बिजागरी टिकली, आज जवळपास प्रत्येक कंपनी तिची नक्कल विकते. सरफेस आरटीवर मात्र नेहमीची विंडोज सॉफ्टवेअर चालतच नव्हती. लोकांनी तो घेतला नाही आणि जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यापोटी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. यंत्र कितीही सुंदर फिरलं तरी 'त्यावर माझं काम चालतं का', हा प्रश्न आधी. तो पुढे पुन्हा येणारच आहे.

मांडी घालून बसणाऱ्यांसाठी

आता फायद्याची बाजू. आणि ती खरोखर आहे.

गावाकडच्या घरात टेबल-खुर्ची असेलच असं नाही. अभ्यास होतो तो ओसरीत सतरंजी टाकून, मांडी घालून. कन्व्हर्टिबल इथे साध्या लॅपटॉपपेक्षा सोयीचा पडतो. स्क्रीन २७० अंशांपर्यंत मागे नेऊन तंबूसारखा जमिनीवर उभा केला, की व्हिडिओ लेक्चर बघायला मान खाली घालावी लागत नाही. चार-पाच मुलं समोर बसून एकत्र बघू शकतात. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत हा उपयोग मोठा आहे: प्रोजेक्टर नाही, वीज गेलेली आहे, तरी पहिली-दुसरीच्या मुलांना समोर बसवून चित्र दाखवता येतं आणि मुलं स्वतः बोटाने स्क्रीनवर अक्षर गिरवू शकतात.

डिटॅचेबलची गंमत नेमकी उलटी. सरफेससारख्या टॅबच्या पाठीला स्टँड असतो. तो टेबलावर छान उभा राहतो, पण मांडीवर घेतला की डुगडुगतो, कारण कीबोर्ड लवचिक आणि सगळं वजन वरच्या बाजूला. नाव लॅपटॉप आणि मांडीवर बसत नाही!

दुसरा मोठा फायदा पेनाचा. गणिताची पायरी, सर्किटची आकृती, रसायनशास्त्राचं समीकरण कीबोर्डने लिहायला किती वेळ लागतो, हे लिहिणाऱ्यालाच माहीत. स्क्रीनवर पेनाने लिहिलं की तेच वहीसारखं होतं. पीडीएफ नोट्सच्या समासात खुणा करता येतात. शिक्षकांना तर मुलांनी फोटो काढून पाठवलेला गृहपाठ लाल शाईने तपासून परत पाठवता येतो. मराठी हस्ताक्षर टाइप मजकुरात बदलायचं असेल तर अँड्रॉइड टॅबवर गूगलच्या जीबोर्डमध्ये ती सोय आहे. विंडोजवर टाइप करायचं असेल तर इनस्क्रिप्टसोबत मराठी फोनेटिक कीबोर्डही २०१९ पासून विंडोज १० मध्येच मिळतो. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

फक्त एक खबरदारी. 'पेन सपोर्ट आहे' याचा अर्थ 'पेन सोबत मिळतं' असा होत नाही. काही मॉडेलमध्ये पेन आणि कीबोर्ड दोन्ही वेगळे विकत घ्यावे लागतात आणि जाहिरातीतल्या किमतीत ते धरलेले नसतात. शिवाय एका कंपनीचं पेन दुसऱ्याच्या स्क्रीनवर चालेलच असं नाही. यात तीन-चार वेगवेगळी तंत्रं आहेत. काही पेनांना चार्जिंग किंवा बारीक सेल लागतो, सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यासाठी काहीच लागत नाही. आणि शंभर-दीडशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन म्हणजे फक्त जाड बोट, त्याने नोट्स लिहिता येत नाहीत.

कॉलेजात जर्नल अजूनही कागदावर, हाताने लिहूनच मागतात, हाही एक भाग आहे. त्यामुळे पेनासाठी वरचे दहा-पंधरा हजार मोजण्याआधी ते नेमकं कुठे वापरलं जाणार, हे ठरलेलं बरं.

पाऊस, धूळ आणि काच

टच स्क्रीन बोटातली विद्युतधारिता ओळखून चालते. स्क्रीनवर पाण्याचे थेंब पडले की तिला ती बोटंच वाटतात. मग आपोआप काहीतरी उघडतं, बंद होतं, अक्षरं उमटतात. भात लावणीच्या दिवसांत ओल्या हाताने, दमट घरात हा अनुभव वारंवार येतो. साध्या लॅपटॉपला हा त्रास नाही. उपाय सोपा आहे, स्क्रीन कोरड्या सुती कापडाने पुसायची. पण महत्त्वाचा फॉर्म भरताना टच तात्पुरता बंद करून माउस वापरणं जास्त सुरक्षित.

बहुतेक टू-इन-वनना पाणी-धुळीपासून संरक्षणाचं 'आयपी' मानांकन नसतं. मोबाइलची सवय झालेल्या माणसाला वाटतं, थोडं भिजलं तर काय होतंय. लॅपटॉपला होतं. त्यातही कन्व्हर्टिबल टॅबसारखा धरला की कीबोर्डाची बटणं खाली येतात आणि यंत्र जमिनीवर ठेवलं की ती थेट सारवलेल्या जमिनीला टेकतात. बारीक माती बटणांखाली जाते, हवा खेळण्याच्या झरोक्यातून पंख्यापर्यंत पोहोचते. खाली स्वच्छ पुठ्ठा किंवा पाट घेणं हा फुकटातला उपाय.

भिजलेलं यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला इथेही हमखास मिळतो. भात पिकवणाऱ्या गावात तांदूळ हाताशी असतो खरा, पण त्याची पूड फटीतून आत जाते आणि आतलं पाणी काही तो ओढून घेत नाही. बंद करायचं, चार्जर काढायचा, उलटं टेकवून ठेवायचं आणि उघडायला कारागिराकडे न्यायचं. मध्येच 'चालू होतंय का बघू' म्हणून बटण दाबणं सर्वांत महाग पडतं.

उन्हाचाही प्रश्न आहे. टच स्क्रीन बहुतेक वेळा चकचकीत काचेची असते. अंगणात बसलात तर मजकुराऐवजी मागचा जीवधन दिसतो. ब्राइटनेस 'निट्स'मध्ये मोजतात. स्वस्त मॉडेल २५० ते ३०० निट्सची असतात, ती घरात पुरतात, बाहेर नाही. बाहेर काम असेल तर ४०० किंवा जास्त निट्सची स्क्रीन बघावी. खैराटच्या मुलांच्या हातातली स्क्रीन या बाबतीत आजच्या बऱ्याच स्क्रीनपेक्षा सरस होती, हे मान्य करावं लागेल.

आणि काच फुटली तर? साध्या लॅपटॉपची स्क्रीन जुन्नर-नारायणगावातला कारागीर पॅनेल मागवून बदलू शकतो. टू-इन-वनमध्ये वरची काच आणि आतलं पॅनेल सहसा एकत्र चिकटवलेलं असतं. काचेला तडा गेला तरी पूर्ण संच बदलावा लागतो. त्याचा खर्च यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो आणि भाग मिळायला अनेकदा पुण्यालाच जावं लागतं. डिटॅचेबलमध्ये तर बॅटरी स्क्रीनमागे चिकटवलेली, म्हणजे बॅटरी बदलायलाही आधी स्क्रीन सोडवायची. बिजागरी हा आणखी एक नाजूक भाग. स्क्रीनची वायर त्यातूनच जाते. एका कोपऱ्याला धरून स्क्रीन उघडायची सवय असेल, तर वायर आणि बिजागरी दोघींवर ताण येतो. दोन्ही हातांनी किंवा मधोमध धरून उघडावी.

सगळी माहिती याच एका यंत्रात असेल, तर त्याची प्रत पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन हवीच. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन शिलालेखात यज्ञातल्या दानदक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत आणि ब्राह्मी अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांमध्ये ते गणले जातात. ती 'साठवणूक' दोन हजार वर्षं टिकली. आपल्या एसएसडीकडून तेवढी अपेक्षा नको.

वीज गेली तर किती तास?

इथे टू-इन-वनचा, त्यातही डिटॅचेबलचा, एक स्पष्ट फायदा आहे. आकडेमोड करून पाहू.

२०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवर. व्होल्टेज बदलताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे हाती साधारण ५० वॉट-अवर धरावी. १४ इंची कन्व्हर्टिबलची बॅटरी सर्वसाधारणपणे ५० वॉट-अवरच्या आसपास असते, म्हणजे एक पूर्ण चार्ज. १० ते ११ इंची टॅबची बॅटरी ३० वॉट-अवरच्या आसपास, म्हणजे दीड चार्ज. टॅब चालतोही जास्त वेळ. दोन दिवस वीज नसली तर हा फरक जाणवतो.

मात्र पॉवर बँक कोणतीही चालत नाही. मोबाइलची १०-१८ वॉटची बँक लॅपटॉपला एकतर ओळखतच नाही किंवा इतकी हळू चार्ज करते, की चालू यंत्राची बॅटरी उतरतच राहते. यूएसबी-सी 'पॉवर डिलिव्हरी' असलेली, ४५ ते ६५ वॉटची बँक लागते. आणि यंत्रही यूएसबी-सीमधून चार्ज होणारं हवं. अजूनही काही स्वस्त लॅपटॉप जुन्या गोल पिनेचेच आहेत. खरेदी करताना बिजागरीपेक्षा हे एक छिद्र जास्त महत्त्वाचं आहे. उद्या चार्जर जळाला तर यूएसबी-सी चार्जर जुन्नरच्या बाजारातही सापडेल, विशिष्ट पिनेचा मिळेलच असं नाही.

पावसाळ्यात विजेचा दाब वर-खाली होतो, कडकडाट होतो. चार्जर १०० ते २४० व्होल्ट सोसतो, पण वीज पडल्यावर येणारा झटका तो सोसत नाही. ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा. एरवी मोबाइललाही हाच नियम, पण इथे नुकसान कैक पटींनी मोठं.

माझं काम यावर चालेल का?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

समजा, घाटघर परिसरातली एखादी मुलगी आंबेगाव तालुक्यातल्या अवसरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा तिथल्याच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जाते. मेकॅनिकल किंवा सिव्हिलला तिला ऑटोकॅडसारखं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लागणार, कॉम्प्युटरला प्रोग्रॅमिंगची साधनं. ही सगळी विंडोजवर चालतात. आयपॅडवर किंवा अँड्रॉइड टॅबवर त्यांच्या छोट्या, मर्यादित आवृत्त्या मिळतात. प्रॅक्टिकलला मागतात ते मिळत नाही. म्हणजे कीबोर्ड लावलेला टॅब दिसायला लॅपटॉप असला तरी तिच्या कामाचा नाही.

मग विंडोजचा कन्व्हर्टिबल? चालेल. पण त्याच किमतीत साधा लॅपटॉप घेतला तर जास्त ताकदीचा प्रोसेसर, जास्त रॅम आणि बऱ्याचदा पुढे रॅम वाढवायची सोय मिळते. सडपातळ टू-इन-वनमध्ये रॅम बोर्डवरच डाखलेली असते. आठ जीबी घेतली की चार वर्षं आठच. थ्रीडी मॉडेल फिरवताना बिजागरी मदतीला येत नाही, रॅम येते. त्यामुळे अशा विद्यार्थिनीसाठी साधा लॅपटॉपच योग्य. पीडीएफ वाचायला आणि लेक्चर बघायला घरातला मोबाइल किंवा जुना टॅब पुरेसा आहे.

कला, वाणिज्य, शिक्षणशास्त्र किंवा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास असेल तर गणित बदलतं. वाचन जास्त, टायपिंग मध्यम, जड सॉफ्टवेअर नाही. तिथे अर्ध्या किलोचा टॅब आणि सुटा कीबोर्ड हे मिश्रण सरस ठरतं, आणि स्वस्तही. सरकारी योजनेतून टॅब मिळालेला असेल, उदाहरणार्थ महाज्योती जेईई-नीटच्या विद्यार्थ्यांना टॅब देते, तर नवीन काही घ्यायच्या आधी त्यालाच कीबोर्ड जोडून बघा. साधा यूएसबी कीबोर्ड आणि एक ओटीजी जोड काही शे रुपयांत येतो. तयार झाला टू-इन-वन.

ग्रामपंचायतीतल्या 'आपले सरकार सेवा केंद्रा'सारखं काम असेल तर प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन असे चार डबे जोडावे लागतात. सडपातळ टू-इन-वनला एक-दोनच यूएसबी-सी छिद्रं असतात, मग वेगळा हब घ्या. त्यातही नव्या काही विंडोज यंत्रांमध्ये इंटेल-एएमडीऐवजी 'आर्म' जातीचा प्रोसेसर असतो. त्यांची बॅटरी झकास टिकते आणि नेहमीची बरीच सॉफ्टवेअर चालतातही. पण जोडलेल्या यंत्रांचे ड्रायव्हर खास आर्मसाठी बनवलेले असावे लागतात. ते नसतील तर अंगठ्याचं यंत्र नुसतं लाल दिवा दाखवत बसतं आणि रांगेतली माणसं तुमच्याकडे. अशा कामाला साधा, जाडजूड, भरपूर छिद्रांचा लॅपटॉपच बरा.

जुना कन्व्हर्टिबल स्वस्तात मिळतोय?

पुण्यात कंपन्यांनी काढून टाकलेले चांगल्या बांधणीचे कन्व्हर्टिबल दुरुस्त करून विकले जातात. किंमत नव्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. यात एक मेख आहे. विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून मॉडेलचा आकडा वाचा: आय५-७२००यू मधला पहिला अंक ७, म्हणजे सातवी पिढी, म्हणजे नको. आय५-८२५०यू चालेल. दुकानदार म्हणेल, 'विंडोज ११ टाकून देतो.' पात्र नसलेल्या यंत्रावरही ते आडमार्गाने टाकता येतं, पण पुढच्या अपडेटची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचं आणि शिष्यवृत्तीचं काम त्यावर करायचं असेल तर हा धोका कशाला?

जुन्यात बॅटरीही तपासून घ्या. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. निम्म्यावर आली असेल तर बदलण्याचा खर्च किमतीत धरा.

रेंज आणि नकाशा

बहुतेक विंडोज टू-इन-वनमध्ये सिमकार्डची जागा नसते. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनच. ज्या घरात रेंज फक्त एका खिडकीत येते, तिथे हे उलट सोयीचं: मोबाइल खिडकीत ठेवायचा आणि यंत्र ओसरीत. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला तर भिंतीपलीकडे जास्त चांगला पोहोचतो. विंडोजमध्ये त्या कनेक्शनला 'मीटर्ड' अशी खूण करायला विसरू नका, नाहीतर दिवसाचा डेटा अपडेटच गिळून टाकेल.

शेतीचे किंवा वनहक्क कायदा २००६ खालच्या दाव्यांचे नकाशे जागेवर जाऊन काढायचे असतील, तर जीपीएस लागतं. ते मोबाइलमध्ये असतं, सिमवाल्या टॅबमध्ये असतं. सिम नसलेल्या आयपॅडमध्ये आणि बहुतेक विंडोज कन्व्हर्टिबलमध्ये नसतं. त्यांच्यावरचं 'लोकेशन' आसपासच्या वाय-फायवरून अंदाज बांधतं आणि जीवधनच्या पायथ्याशी आसपास वाय-फाय कुठून आणणार?

मग कन्व्हर्टिबल घ्यायचा कोणी? शिक्षकांनी, हे सर्वांत सरळ उत्तर. दिवसभर शिकवणं, मुलांना दाखवणं, तपासणं आणि संध्याकाळी ऑनलाइन माहिती भरणं, या कामात चारही रूपं वापरली जातात. डिझाइन, चित्रकला, आर्किटेक्चर शिकणाऱ्यांनी पेन चांगलं असेल तरच. नाणेघाट-जीवधनला येणाऱ्या ट्रेकर्ससाठी घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांना बुकिंग, बिल आणि फोटो दाखवण्यासाठी साधा टॅब पुरे.

दुकानात गेलात तर यंत्र टेबलावरून उचला आणि खाली फरशीवर बसा, दुकानदार हसला तरी. मांडीवर ठेवून दोन ओळी मराठीत टाइप करा. स्क्रीन उलटी फिरवून पाच मिनिटं हातात धरा. दारात उन्हात नेऊन वाचा. बोट ओलं करून स्क्रीनला लावा. सोबत पॉवर बँक नेली असेल तर जोडून चार्जिंगची खूण येते का पाहा. मग विचारा: काच फुटली तर संच किती रुपयांना, किती दिवसांत आणि कुठे मिळतो? उत्तर बिलाच्या मागे लिहून घ्या.